रिजेक्शनची पेटी

बत्तीस वर्षं मी पीथमपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढली. पत्र्यातून वॉशर, ब्रॅकेट, क्लिपा कापणाऱ्या प्रेससाठी डाय बनवायच्या, धार गेली की घासायच्या, पहाटे तीन वाजता तुटल्या की शिव्या खात दुरुस्त करायच्या. प्रत्येक प्रेसशेजारी लाल रंगाची एक लोखंडी पेटी असे. वाकडा, अर्धवट, दोनदा दाबला गेलेला, कोपरा खाल्लेला नग त्या पेटीत. महिनाअखेरीस पेटीचं वजन व्हायचं आणि त्या आकड्यावरून आमची हजेरी घेतली जायची. निवृत्त होऊन इंदूरला राजेंद्रनगरच्या घरात स्थिरावलो आणि वर्षा-दीड वर्षात लक्षात आलं, की आता मी पदरचे पैसे मोजून त्याच पेटीतला माल घरी आणतोय. फक्त कारखाना बदललाय. माल सरकारी टांकसाळीचा आहे.

हिला हे पटत नाही. "चांगला रुपया एक रुपयाला मिळतो, आणि हा बिघडलेला दोनशेला?" हा प्रश्न ती दर दोन महिन्यांनी विचारते आणि मी दर वेळी वेगळं उत्तर देतो.

सुरुवात झाली मंगळसूत्रामुळे. एक वाटी सैल झाली होती, म्हणून दुपारी सराफ्यात गेलो होतो. दुपारचा सराफा सोन्याचांदीचा. रात्री दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि दहीवडे. सोनार म्हणाला, तासाभराने या. वेळ काढायला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत शिरलो. तिथे सहा बाय सहाच्या एका दुकानात जुन्या नाण्यांचे ट्रे मांडलेले होते. व्हिक्टोरिया राणीचे रुपये, होळकरांची तांब्याची नाणी, भोकाचा पैसा, आणि एका कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटांत साधी, परवापरवापर्यंत खिशात खुळखुळणारी नाणी. त्यातल्या दोन रुपयांच्या एका नाण्याचा कोणीतरी चावा घेतला होता. अगदी बिस्किटाचा घ्यावा तसा, चंद्रकोरीसारखा.

परगावच्या गर्दीत आपल्या गावचा माणूस दिसावा तसं मला झालं. ही चूक मी हजारो वेळा पाहिली होती. पत्र्याची पट्टी प्रेसमध्ये टप्प्याटप्प्याने पुढे सरकते आणि दर टप्प्याला पंच खाली येऊन एक चकती कापतो. एखाद्या टप्प्याला पट्टी पुरेशी सरकली नाही, तर पंच आधीच्या भोकाच्या काठावर चढतो आणि नवी चकती तेवढा तुकडा गमावूनच खाली पडते. मी हे सगळं दुकानदाराला एका दमात सांगितलं. तो हातातलं भिंग खाली ठेवून म्हणाला, "भिया, आप टकसाल में थे क्या?" मी म्हटलं, "नहीं, वॉशर में था." एकशेऐंशी रुपयांना ते नाणं घेऊन घरी आलो. मंगळसूत्र दुसऱ्या दिवशी आणलं.

नाणं म्हणजे तरी काय, भोक नसलेला आणि दोन्ही बाजूंना नक्षी असलेला वॉशर. धातूची पट्टी लाटायची, तिच्यातून कोऱ्या चकत्या कापायच्या, भट्टीत तापवून मऊ करायच्या, फिरवत दाबून त्यांची कड उचलायची, धुऊन चमकवायच्या आणि मग दोन डायच्या, म्हणजे नक्षी कोरलेल्या पोलादी ठशांच्या, मध्ये ठेवून दणका द्यायचा. चकतीभोवती पोलादी कडं असतं, त्याला कॉलर म्हणतात. दणक्याबरोबर धातू बाहेर पसरायला बघतो, त्याला ही कॉलर गोलाईत अडवते. हे सगळं मिनिटाला शेकड्यांच्या गतीने. या गतीत चूक होते ह्याचं मला कधी नवल वाटलं नाही. ती चूक तपासणीतून निसटून, मोजणीच्या यंत्रातून, पोत्यातून, बँकेतून भाजीवाल्याच्या गल्ल्यापर्यंत पोहोचते ह्याचं वाटतं. आमच्याकडे असा एक नग ग्राहकापर्यंत गेला असता तर दोन जणांना मेमो मिळाला असता.

आपल्याकडे टांकसाळी चार. मुंबईची १८२९ पासूनची, कोलकात्याची, हैदराबादची, आणि १९८८ मध्ये सुरू झालेली नोएडाची. वर्षाच्या आकड्याखाली बारीक खूण असते. हिरा म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, टिंब म्हणजे नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. हे 'काहीच नसेल' नवख्याला हमखास फसवतं. कोलकात्याचं अगदी साधं नाणं "खूण सुटलेलं दुर्मिळ" म्हणून विकायला काढलेलं मी कितीदा पाहिलंय. विकणारा लबाडच असतो असंही नाही. बिचाऱ्याला खरंच तसं वाटत असतं.

त्या चावलेल्या नाण्यावर दुकानदाराने मला एक गोष्ट दाखवली होती, जी बत्तीस वर्षांत मला कोणी शिकवली नव्हती. म्हणाला, चावा सोडा, त्याच्या बरोबर समोरची कड बघा. पाहिलं तर तिथे कड जवळजवळ नव्हतीच, पुसल्यासारखी. घरी येऊन विचार केला तेव्हा उलगडलं. कड उचलताना चकती समोरासमोरच्या दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला चाव्यामुळे धातूच नाही, मग समोरच्या बाजूला दाब कुठून येणार? कानशीने नाणं कापणारा माणूस चावा हुबेहूब कापतो, पण समोरची कड जशीच्या तशी राहते. तिथेही काहीतरी घडायला हवं होतं हे त्याच्या गावीच नसतं. शिवाय खऱ्या नाण्यावर चाव्याजवळची अक्षरं जराशी ओढल्यासारखी, विरघळल्यासारखी दिसतात, कारण दणका बसला तेव्हा तिथला धातू रिकाम्या जागेकडे धावला. कापलेल्या नाण्यावर तीच अक्षरं सुरीने कापल्यासारखी सरळ तुटतात.

तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारतो: हे प्रेसवर कसं झालं असेल? दिसायला विचित्र आहे, एवढ्यावर काही ठरत नाही. रुळावर ठेवून आगगाडीखाली चपटा केलेला रुपयाही विचित्रच दिसतो. आगीत काळा पडलेला, हातोड्याने ठोकलेला, तेजाबात बुडवून पातळ केलेला, हे सगळे "एरर" म्हणून माझ्यापुढे आलेले आहेत. चूक खरी असेल तर तिची गोष्ट सांगता येते: पट्टी अडली, चकती सरकली, डायमध्ये वंगण साचलं, कॉलर वर आलीच नाही. गोष्ट जुळत नसेल तर ते टांकसाळीतून निघाल्यावर कोणीतरी केलेलं आहे.

खाच आणि उंचवटा ह्यांचा हिशोब तर आमच्या धंद्यातला पहिलाच धडा. डायवर जे खोल, ते मालावर उंच. डायला तडा गेला की दणक्यात धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर बारीक, उठावदार रेघ उमटते, गांधीलमाशीच्या पायाएवढी. बोटाने लागत नाही, नखाला लागते. नाण्यावरची रेघ आत गेलेली असेल, तर बहुतेक वेळा तो ओरखडाच. एवढं एक कळलं तरी अर्धी दुकानदारी कोसळते.

हे सगळं कळत असूनही मी फसलो. बाहेरगावच्या एका प्रदर्शनात, बाराशे रुपयांना.

संग्राहक आणि व्यापारी ज्याला 'लखी' म्हणतात ते नाणं मला हवं होतं. इंग्रजीत ब्रॉकेज. नाणं पाडल्यावर ते डायला चिकटून राहतं, बाहेर पडत नाही. पुढची चकती येते, दणका बसतो. तिच्या एका बाजूला नेहमीची डाय असते, पण दुसऱ्या बाजूला डायऐवजी ते चिकटलेलं नाणं. त्यामुळे एका बाजूला सिंह नेहमीसारखे उठावदार, आणि मागे तेच सिंह, पण खोलगट आणि उलटे, आरशातल्यासारखे. किती तरी दुकानदार असं नाणं गल्ल्यात ठेवतात, दिवाळीत लक्ष्मीपुढे मांडतात. लाभतं म्हणे.

मला मिळालेला रुपया २०११ नंतरच्या घडणीचा, ₹ चं चिन्ह असलेल्या मालिकेतला. मागे खोलगट सिंह, खाली उलटं 'सत्यमेव जयते'. रात्री दाढीच्या आरशापुढे धरून ते सरळ वाचलं आणि लहान मुलासारखा खूश झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतल्या तिरप्या उजेडात परत बघायला घेतलं. खोलगट सिंहांच्या पोटाखालून पुसट ₹ डोकावत होता.

पाच मिनिटं मी नुसता बसून राहिलो. त्या बाजूला डाय पोहोचलीच नसेल, तर ₹ आला कुठून? नाणं आधी व्यवस्थित पाडलं गेलं होतं. मग कोणीतरी त्याची ₹ ची बाजू दुसऱ्या रुपयाच्या सिंहांवर टेकवून ते व्हाइसच्या, म्हणजे स्क्रूने आवळायच्या पकडीच्या, जबड्यात आवळलं होतं. आता पुढची बाजू बघितली तर तिथले सिंहही चेपलेले, नाकं सपाट, कारण दाबताना त्यांच्यामागे आधाराला डाय नव्हती, व्हाइसचा सपाट जबडा होता. हे सगळं काल रात्रीही तिथेच होतं. दिव्याच्या सरळ उजेडात मला दिसलं नाही, की मला बघायचंच नव्हतं, ते सांगता येत नाही. ज्या माणसाचं आयुष्य व्हाइसपुढे गेलं त्याला व्हाइसनेच गंडवलं. हिला मी नाण्याची किंमत दोनशे सांगितली होती. ती अजून दोनशेच आहे.

खात्री करायची म्हणून मागच्या पडवीतल्या व्हाइसमध्ये ॲल्युमिनियमची एक चकती आणि एक रुपया धरून आवळला. धातू मऊ, त्यामुळे पाच मिनिटांत खोलगट, उलटे सिंह तयार. चकती कोरी होती म्हणून खाली दुसरं काही डोकावत नव्हतं, पण तिची मागची बाजू जबड्याच्या रेघांनी भरून गेली. ती चकती मी किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून ठेवली आहे. पुतण्या पुण्याहून आला की त्याला वाटतं, हे काहीतरी भारी नाणं आहे.

आपल्या भाषेत खोट आणि खोटं हे शब्द किती जवळजवळ राहतात. ज्यात खोट आहे ते खरं नाणं मला हवं असतं, आणि जे खोटं आहे त्यात खोट शोधावी लागते. दोन्ही बाजूंना सिंह असलेला रुपया घ्या. दिसायला अगदी बिनचूक. एक नाणं आतून कोरायचं, दुसरं घासून पातळ करायचं आणि त्यात बसवायचं. लेथवर काम करणारा कोणीही बरा कारागीर हे करू शकतो. कडेच्या आतल्या अंगाला भिंग लावून फिरवा, केसाएवढा सांधा कुठेतरी सापडतो. फरशीवर टाका, खणखणीत वाजण्याऐवजी खट्ट आवाज येतो. आमच्या आजोबांच्या काळी व्यापारी चांदीचा रुपया दगडावर वाजवून घेत. त्या रुपयाला वजन होतं, एक तोळा, ११.६६ ग्रॅम, आणि चांदी जवळपास ९२ टक्के. आताच्या पोलादी रुपयाकडून त्या नादाची अपेक्षा नाही, पण अखंड धातू आणि सांधलेला धातू ह्यांतला फरक अजूनही कानाला कळतो.

वजनाचा काटा मात्र घ्यावाच. घरगुती, दोन दशांशांचा, पाचशे-सातशेला मिळतो. चुकीच्या चकतीवर पाडलेलं नाणं असा दावा असेल, तर त्याचं वजन दुसऱ्या कुठल्यातरी नाण्याच्या चकतीएवढं भरायला हवं. २०११ चा दोन रुपयांचा ठसा रुपयाच्या चकतीवर उमटला असेल तर ३.७९ ग्रॅमच्या आसपास. काटा ४.२ दाखवत असेल तर ती चकती कोणत्याच नाण्याची नाही, कोणीतरी घासलेलं आहे. पण काट्यालाही अक्कल आपणच द्यावी लागते. २०११ मध्ये रुपया आणि दोन रुपये एकेक पायरी लहान झाले: नवा रुपया जुन्या पोलादी आठ आण्यांएवढा, २२ मिलिमीटर आणि ३.७९ ग्रॅम, आणि नवे दोन रुपये १९९२ च्या रुपयाएवढे, २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅम. त्यामुळे "नवे दोन रुपये, जुन्या रुपयाच्या चकतीवर" असं कोणी म्हणालं तर मी हात जोडतो. ते देवालाही सिद्ध करता येणार नाही.

लोहचुंबकही खिशात असावा. १९९२ नंतरचा पोलादी रुपया चिकटतो, त्याआधीच्या दशकातला तांबे-निकेलचा चिकटत नाही. अमेरिकेत १९४३ मध्ये युद्धासाठी तांबं हवं होतं म्हणून सेंट पोलादाचे पाडले, आणि आधीच्या काही तांब्याच्या चकत्या चुकून यंत्रात राहिल्या. ते मोजके तांब्याचे सेंट आज प्रचंड किमतीचे आहेत, म्हणून लोक पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा देतात. चुंबक जवळ नेला की मुलाम्याची अब्रू जाते.

एकदा दुकानदाराने माझ्या तळहातावर मल्हारनगरचा रुपया ठेवला. मल्हारनगर म्हणजे आपलं इंदूर, होळकरांच्या टांकसाळीचं नाव. एका बाजूला सूर्याचा चेहरा, दुसरीकडे फारसी अक्षरांत दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं नाव. हातोड्याने पाडलेलं नाणं. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे कोणत्याही एका नाण्यावर पूर्ण मजकूर उतरतच नाही. कोणावर बादशहाचं डोकं येतं, कोणावर शेपूट. अहिल्याबाईंच्या महेश्वरच्या रुपयांवर शिवलिंग आणि बेलाचं पान असतं, पण कित्येकांवर पानाचा एक भाग चांदीच्या बाहेर गेलेला. ह्याला ऑफ सेंटर, म्हणजे ठसा सरकलेलं नाणं, म्हणायचं? मग सगळीच ऑफ सेंटर. आणि गंमत म्हणजे इथे भाव उलटा चालतो. हातच्या नाण्यावर जितका मजकूर पुरा, तितकी किंमत जास्त. यंत्राच्या नाण्यावर जितका सरकलेला, तितकी जास्त. हिच्या प्रश्नाला मी देतो त्या उत्तरांपैकी त्यातल्या त्यात बरं उत्तर हेच आहे: लोक नाण्याला पैसे देत नाहीत, अपवादाला देतात.

किंमत ठरवणं हे खरंखोटं ठरवण्यापेक्षा वैताग आणणारं काम. खरं नाणं खरंच राहतं, भाव मात्र गिऱ्हाईक बघून बदलतो. तरी काही आडाखे आहेत. ठसा पाच-दहा टक्के सरकलेला असेल तर चहापाण्याचे पैसे. निम्म्याच्या आसपास सरकलेला आणि तरीही वर्ष आणि टांकसाळीची खूण दिसत असेल तर माणसं भांडतात. डाय फिरलेली असेल, म्हणजे नाणं वहीच्या पानासारखं उलटल्यावर मागचं चित्र तिरकं दिसत असेल, तर पंधरा-वीस अंशांना कोणी विचारत नाही. नव्वदला विचारतात, एकशेऐंशीला दार उघडून बसवतात. आणि चुकीचं नाणं एकटं हवं. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया प्रसिद्ध आहे. राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे लोकांना डुक्कर वाटला, बोंब झाली, सरकारने ते रुपये मागे घेतले आणि पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड दिली. पण ती कारागिराची चूक, यंत्राची नव्हे. त्या वर्षीच्या प्रत्येक रुपयावर तेच डुक्कर आहे. विलायतेत २००८ मध्ये वीस पेन्सच्या नाण्याचा नवा मागचा ठसा जुन्या पुढच्या ठशाला जोडला गेला आणि नाणी वर्षाशिवायच बाहेर पडली. अंदाज ५० हजार ते अडीच लाख नाण्यांचा. आधी हजारो पौंडांच्या बोली लागल्या, मग लोकांना कळलं की ही बरीच आहेत, आणि भाव झपाट्याने उतरला. आमच्या लाल पेटीतही एखादा विचित्र नग असला तर पोरं हातात घेऊन बघायची. शंभर तसेच असले तर नुसतं वजन व्हायचं.

आता काकूंची गोष्ट.

मागच्या गल्लीत एक काकू राहतात, अठ्ठ्याहत्तरच्या. नातवाने त्यांना मोबाइलवर दाखवलं होतं, की वैष्णोदेवीच्या नाण्याचे दहा लाख येतात. मग एका भल्या माणसाचा फोनही आला. नाणं विकत घेतो, फक्त आधी नोंदणीचे दोन हजार एकशे भरा. काकूंनी पैसे भरायच्या आधी मला बोलावलं, ही त्यांची पुण्याई. मी त्यांना सांगितलं, ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः जाहीर केलंय, आम्ही जुनी नाणी-नोटा विकत घेत नाही, कोणाला फी मागायला सांगितलेलं नाही, फसू नका. आणि हे नाणं २०१२ चं, पाच आणि दहा रुपयांत, भरपूर पाडलेलं. काकू म्हणाल्या, "पण त्यावर देवी आहे." मी गप्प बसलो.

त्यांनी श्रीखंडाचा मोठा डबा पुढ्यात पालथा केला. देवीची चौदा नाणी. दहाची बरीच, ती दुकानदार घेत नाहीत म्हणून साठलेली. कोणीतरी सांगितलं होतं की पंधरा रेघांचं खोटं आणि दहा रेघांचं खरं. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहाच्या नाण्याचे चौदाही प्रकार चालतात असं सांगितलं, तरी आपल्याकडे ती अफवा बरीच वर्षं सुखाने नांदली. मी नाणी वेगळी करत होतो, आणि चिल्लरीत तो रुपया दिसला.

ठसा वर सरकलेला, चांगला तीस टक्के. सिंहांची डोकी नाण्याबाहेर गेलेली, 'सत्यमेव जयते' शाबूत, त्याखाली कोऱ्या पोलादाची चंद्रकोर. उलटून पाहिलं. मागचीही कोरी चंद्रकोर बरोबर पहिलीच्या पाठीला पाठ लावून. वरची आणि खालची डाय एका रेषेत असतात, तेव्हा चकती सरकली तर दोन्हीकडे सारखीच सरकते. वर्ष २०१४, खाली टिंब. कॉलरने अडवलं नव्हतं म्हणून नाणं किंचित पसरट, लंबगोल. गोष्ट पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत जुळत होती.

मी तो रुपया दुसऱ्या रुपयांखाली सरकवला.

मुद्दाम केलं नाही असं लिहायचा मोह होतो, पण मुद्दामच केलं. वर म्हणालो, "काकू, ही चिल्लर तुम्हाला जड होत असेल. मी नेतो, नोटा देतो बदल्यात." "ने की," त्या म्हणाल्या, "मोजतंय कोण." तेवढ्यात सुनेने पोहे आणले, वर शेव आणि जिरावण. एक घास खाल्ला आणि तो काही खाली जाईना. ज्याच्या पारखीवर समोरच्याचा विश्वास आहे, त्याने गिऱ्हाईक व्हायचं नसतं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं, पण घशाला माहीत असावं. रुपया वर काढला आणि सगळं सांगितलं. तो खाली का सरकवला होता तेही.

काकूंनी तो डोळ्यांजवळ धरला. "किती येतील?"

दुकानदाराला फोन करून फोटो पाठवला. सहाशे म्हणाला.

"दहा लाखांचे सहाशे," काकू म्हणाल्या आणि जोरात हसल्या. "ठेव तिकडे बशीत. बुधवारी जाऊ सराफ्यात. येताना भुट्ट्याचा कीस खाऊ, तुझ्याकडून."

बुधवारी पहिली तारीख होती. संध्याकाळी गेलो तर काकू दारातच. "अरे, तो रुपया गेला." पहाटे दूधवाल्याचा महिन्याचा हिशोब करताना एक रुपया कमी पडत होता. सुनेने बशीतला उचलून दिला.

"आणि त्याने घेतला?"

"अंधारच होता. घेतला. तू भिंग लावून अर्धा तास बघत होतास, त्याने मूठ मिटली आणि गेला."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी फाटकाशी पन्नासची नोट घेऊन उभा राहिलो. दूधवाला राऊकडून येतो. म्हणाला, "चिल्लर तो कल ही चाय वाले को दे दी, बाबूजी. नाके पे जो बैठता है."

गेला महिनाभर मी राऊच्या नाक्यावर चहा पितोय. चहा दहा रुपयांचा, जरा जास्तच गोड. मी वीसची नोट देतो आणि उरलेले सुट्यांत मागतो. जमलं तर एकेकाच्या नाण्यांत.